जीपच्या पोटातील तेल

पावसाळ्यात एखाद्या ओढ्याच्या पाण्यातून जीप पलीकडे जाताना तुम्ही पाहिली आहे काय? पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत येते, इंजिनाचा आवाज चढतो, चारही चाके चिखल उडवीत पलीकडचा काठ चढतात आणि गाडी वळणाआड दिसेनाशी होते. काठावरची मंडळी म्हणतात, "गेली बुवा पार!" चालकही निश्चिंत होतो. परंतु त्या दोन-चार मिनिटांत गाडीच्या पोटाखालचा एक लोखंडी गोळा पाण्यात बुचकळून निघालेला असतो. त्या गोळ्यात कपभर पाणी शिरले असले तरी गाडी त्या दिवशी काही तक्रार करीत नाही. दुसऱ्या दिवशीही करीत नाही. तक्रार येते ती काही महिन्यांनी, आणि तीही बहुधा घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना, मागून येणाऱ्या घरघरीच्या रूपाने. तोवर आतील बेअरिंगे गंजलेली असतात आणि दातांवर बारीक खड्डे पडलेले असतात.

इंजिनात तेल असते आणि ते वेळच्या वेळी बदलावे लागते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्या तेलाची पातळी पाहण्यासाठी पट्टी असते. तेलाचा दाब उतरला तर चालकापुढे लाल दिवा लागतो. पण चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत इंजिन आणि गीअर-बॉक्स यांखेरीज आणखी तीन ठिकाणी तेल असते, आणि तेथे सहसा पट्टीही नसते नि दिवाही नसतो. ही तीन ठिकाणे कोणती, तेथील तेल नेमके करते काय, आणि ते बदलताना जाणता मेकॅनिक प्रत्येक गोष्ट ठराविक क्रमानेच का करतो, हे आज पाहू या.

गाडीखाली डोकावून

सपाट जागी उभ्या असलेल्या, इंजिन बंद केलेल्या जीपखाली वाकून पाहा. (जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नसतो. मेकॅनिकसुद्धा खाली भक्कम स्टॅण्ड लावल्याशिवाय किंवा गाडी खड्ड्यावर घेतल्याशिवाय आत शिरत नाही.) मागच्या दोन चाकांना जोडणारी एक जाड नळी दिसेल आणि त्या नळीवर एका जागी मोठ्या भोपळ्यासारखा फुगवटा. नळी आणि फुगवटा मिळून जे होते त्याला गॅरेजमध्ये 'हौसिंग' म्हणतात. फुगवट्याच्या आत 'डिफरन्शियल' नावाची दंतचक्रांची जोडणी असते. तसाच एक फुगवटा पुढच्या चाकांमध्ये असतो. आणि गाडीच्या मध्यावर, गीअर-बॉक्सच्या पाठीला चिकटलेली एक पेटी असते. इंजिनाकडून आलेली शक्ती या पेटीत दोन वाटांनी फुटते: एक फिरता दांडा मागच्या हौसिंगकडे जातो, दुसरा पुढच्या. ही पेटी म्हणजे 'ट्रान्सफर केस'. ही झाली आपली तीन ठिकाणे.

ही रचना काही आजकालची नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. त्या जीपच्या पोटात हेच तीन डबे होते. युद्धानंतर त्याच घराण्यातील जीपची जोडणी मुंबईला महिंद्र कंपनीने सुरू केली, आणि आज नाशिकच्या कारखान्यातून निघणारी 'थार' ही त्याच वंशातील. पत्रा बदलला, इंजिन बदलले, पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागली. तीन डबे मात्र राहिले.

वळणाचे गणित

डिफरन्शियलची गरजच काय? दोन्ही मागची चाके एकाच दांड्याला पक्की बसवली तर काय बिघडते? आंबेनळी घाटातील एखादे पूर्ण उलटे फिरविणारे वळण डोळ्यांसमोर आणा. गाडी अर्धे वर्तुळ काढते. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरले तर आतल्या चाकाचा मार्ग π × त्रिज्या, आणि बाहेरच्या चाकाचा π × (त्रिज्या + १·५). वजाबाकी करा. त्रिज्या उडून जाते! उरते π × १·५, म्हणजे सुमारे ४·७ मीटर. वळण अरुंद असो की ऐसपैस, बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा ४·७ मीटर जास्त चालावेच लागते. चाकाचा व्यास पाऊण मीटर असेल तर हे अंतर म्हणजे दोन पूर्ण फेरे. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली असतील तर हे दोन फेरे कुठून तरी घसरून भरून काढावे लागतील: टायर रस्त्यावर खरडेल, नाहीतर दांड्याला पीळ पडेल.

यावर जी युक्ती आहे ती फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीच्या नावाने ओळखली जाते. १८२७-२८ च्या सुमारास त्याने वाफेच्या गाडीसाठी ती योजली, म्हणजे पेट्रोलची मोटार जन्माला येण्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी. तराजूची दांडी आठवा. दांडीला मधोमध पुढे ढकलले तर दोन्ही टोके सारख्या जोराने पुढे जातात. एका टोकाला कोणी अडवले तर ते मागे राहते आणि दुसरे तेवढेच पुढे सरकते. डिफरन्शियलमध्ये तराजूच्या दांडीचे काम छोटी दंतचक्रे करतात. मोठ्या चक्राला एक पिंजरा बांधलेला असतो, पिंजऱ्यात आडवी खीळ असते आणि खिळीवर ही छोटी चक्रे मोकळी बसवलेली असतात. त्यांच्या एका अंगाला डाव्या चाकाचे दंतचक्र, दुसऱ्या अंगाला उजव्या चाकाचे. सरळ रस्त्यावर छोटी चक्रे स्वतःभोवती मुळीच फिरत नाहीत; पिंजऱ्याबरोबर नुसती गरगरतात. वळण आले की ती स्वतःभोवतीही थोडी फिरतात आणि एका चाकाचे फेरे दुसऱ्याला देऊन टाकतात. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी मात्र नेहमी पिंजऱ्याच्या फेऱ्यांएवढीच राहते.

आता या नियमाची दुसरी बाजू पाहा. एक चाक कोरड्या दगडावर अडले आहे, दुसरे चिखलात आहे. पिंजरा मिनिटाला १०० फेरे घेतो. अडलेल्या चाकाचे फेरे शून्य. म्हणून चिखलातले चाक २०० फेऱ्यांनी नुसते फिरत राहते. गाडी तसूभर हलत नाही. बाहेरून आपल्याला उडणारा चिखल तेवढा दिसतो. आत काय होते? एरवी जवळजवळ स्वस्थ बसलेली ती छोटी चक्रे खिळीभोवती वेगाने घासत फिरू लागतात. तेथे गोळ्यांचे बेअरिंग नसते. पोलादी खीळ आणि पोलादी चक्र यांच्यामध्ये असतो तो तेलाचा पापुद्रा. चालक रागाने ॲक्सिलरेटर दाबून धरतो, तेव्हा सारा भार या पापुद्र्यावर येतो.

ट्रान्सफर केसचे गणितही असेच आहे, पण तेथे बहुतेक जीपगाड्यांत डिफरन्शियल नसते. लीव्हर ओढून 'फोर-व्हील' लावले की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. किती मोठ्या? पायथागोरसचा सिद्धांत वापरा. मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे आणि दोन आसांमधील अंतर २·४५ मीटर आहे; तर पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या ६² + २·४५² याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६·५ मीटर. आठ टक्के फरक! चिखलात, वाळूत चाके थोडी घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाके घसरत नाहीत, मग पीळ भरतो तो ट्रान्सफर केसच्या आत. लीव्हर परत टाकता येत नाही, गाडी अवघडल्यासारखी चालते, आणि दात एकमेकांवर नेहमीपेक्षा कितीतरी जोराने रेलतात. म्हणून चांगल्या रस्त्यावर फोर-व्हील लावू नये, असे जुने चालक बजावून सांगत. आजही ज्या गाडीत ही साधी पद्धत आहे तिच्या पुस्तिकेत तेच लिहिलेले असते.

आठ दात आणि एकोणचाळीस दात

युद्धकाळातील जीपच्या हौसिंगमध्ये फिरत्या दांड्याच्या टोकाला जे लहान दंतचक्र असे, म्हणजे पिनियन, त्याला ८ दात होते. आणि ते ज्याला फिरवी त्या मोठ्या क्राऊन-चक्राला ३९. तुम्ही विचाराल, सरळ ४० का नाही? हिशेबाला ५ पट सोपे पडले असते! पण ८ आणि ४० असते तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच पाच दातांना भेटत राहिला असता. एखाद्या दातावर किंचित खरखर राहिली असेल तर तिचा त्रास त्याच पाचांना. ८ आणि ३९ यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. म्हणून पिनियनचा प्रत्येक दात पाळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो. लघुतम साधारण विभाज्य ३१२, म्हणजे पिनियनच्या ३९ फेऱ्यांनंतर, क्राऊनच्या ८ फेऱ्यांनंतर, पहिली जोडी पुन्हा समोरासमोर येते. लसावि शाळेबाहेर कोठे उपयोगी पडतो असे कोणी विचारले, तर जीपच्या पोटात, असे सांगा.

या आठ दातांवर भार तरी किती यावा? पहिल्या गीअरमध्ये वेग सुमारे २·६७ पट कमी होतो, ट्रान्सफर केसच्या 'लो' मध्ये आणखी १·९७ पट आणि क्राऊन-पिनियनमध्ये ४·८८ पट. गुणाकार करा: सुमारे २६ पट. वेग जेवढ्या पटीने उतरतो, पीळ तेवढ्या पटीने चढतो (घर्षणात जाते ते सोडून). म्हणजे सुमारे अकराशे किलोग्रॅम वजनाची ती जीप चाकांशी जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढी ओढ निर्माण करू शके. ही सारी ओढ कोणत्याही क्षणी दातांच्या एक-दोन जोड्यांतून जाते, आणि दात एकमेकांना टेकतात ते चिंचोळ्या पट्टीवर. अशा ठिकाणचा दाब चौरस सेंटिमीटरला दहा टनांच्याही वर जाऊ शकतो. आपल्या नखाएवढ्या जागेवर दोन मोठे हत्ती!

घासणारे दात

साध्या दंतचक्राचे दात एकमेकांवर बरेचसे लोळतात, थोडे घसरतात. मोटारींच्या हौसिंगमध्ये मात्र १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक निराळा प्रकार आला. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न ठेवता खाली उतरवलेले असते. याला 'हायपॉइड' म्हणतात. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने तो मोटारींत आणला. फिरता दांडा खाली गेल्यामुळे गाडीची बैठक खाली आणता आली. दात लांब व तिरपे झाल्यामुळे आवाज कमी झाला. पण फुकट काहीच मिळत नाही. हायपॉइड दात लोळतातच, शिवाय लांबीच्या दिशेने एकमेकांवर करवतीसारखे सरकतात. एवढ्या दाबाखाली सरकणे! साधे तेल तेथून पिळून बाहेर फेकले जाते, धातू धातूला भिडतो, टोके क्षणभर तापून एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या क्षणी उपटली जातात. असे काही हजार वेळा झाले की दाताचा पृष्ठभाग खरवडून निघतो.

यावर तोडगा निघाला तो रसायनशास्त्रातून. हौसिंगच्या तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळतात. तेल गार असताना ती स्वस्थ असतात. परंतु दोन दातांची टोके भिडून एखादा बिंदू अतिशय तापला की तेथल्या तेथे गंधक लोखंडाशी संयोग पावतो आणि आयर्न सल्फाइडचा अतिसूक्ष्म थर बनतो. हा थर पोलादापेक्षा मऊ असतो. तो झिजतो आणि पोलाद वाचते. थर झिजला की पुन्हा नवा बनतो. म्हणजे हे तेल नुसते बुळबुळीत नसते. जेथे जखम होणार तेथे ते आपणहून मलमपट्टी करते. आणि प्रत्येक पट्टीपायी त्यातील थोडे गंधक खर्ची पडते. म्हणूनच तेल गळाले नाही, कमी झाले नाही, तरीही ते 'संपते'. गीअर ऑइलचा डबा उघडला की जो कुजकट उग्र वास येतो, तो या गंधकाचाच.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विसाव्या शतकात बराच काळ अशा वंगणांत गंधकाबरोबर जी चरबी वापरली जाई ती स्पर्म देवमाशाच्या डोक्यातील तेलाची होती. हे तेल खरे तर द्रवरूप मेण आहे. दाबाखाली आणि उष्णतेत ते फार चांगले टिकते. मोटारींची चाके गुण्यागोविंदाने फिरावीत म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते! १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने या तेलावर बंदी घातली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले. त्या शोधात वाळवंटातील होहोबा या झुडपाच्या बियांकडेही लक्ष गेले, कारण त्यांचे तेलसुद्धा द्रवरूप मेणच असते. हे झुडूप आता राजस्थानातही लावले जाते.

डब्यावरचे आकडे वाचायला शिकून घ्या. '८० डब्ल्यू-९०' यातील डब्ल्यू हिवाळ्यासाठीचे अक्षर. पहिला आकडा थंडीत तेल किती वाहते राहते ते सांगतो, दुसरा ते तापल्यावर किती दाट राहते ते. ९० हा आकडा पाहून हे तेल ४० क्रमांकाच्या इंजिन-तेलाच्या दुपटीहून दाट असेल असे समजू नका. दोन्ही मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. गीअर-तेलाचा ९० हा इंजिन-तेलाच्या ४० ते ५० च्या जवळपास बसतो. दुसरी खूण 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' अशी असते. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी संयुगे जास्त, म्हणून ते हायपॉइड हौसिंगला योग्य. मग तेच गीअर-बॉक्समध्येही ओतले तर अधिक चांगले नाही का? नाही! अनेक गीअर-बॉक्समध्ये पितळेची कडी असतात, आणि गंधक जसे लोखंडाशी जुळते तसे तांब्याशीही जुळते. जे पोलादाला मलम, ते पितळेला विष ठरू शकते. ट्रान्सफर केसची तर तऱ्हाच वेगळी. जुन्या जीपमध्ये तेथे दंतचक्रे असत आणि दाट गीअर-तेल चाले. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तेथे साखळी आणि छोटासा पंप असतो, नि त्यांना स्वयंचलित गीअर-बॉक्ससाठीचे लाल, पातळ तेल लागते. कोणत्या डब्यात कोणते तेल, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेतच शोधावे. शेजारच्या गाडीचा दाखला येथे कामाचा नाही.

आधी वरचे बूच

आता गॅरेजमध्ये चला. गाडी आधी काही किलोमीटर फिरवून आणलेली असते, कारण कोमट तेल पातळ होते आणि तळाची घाण घेऊन बाहेर पडते. गाडी सपाट उभी केली जाते. हौसिंगला दोन बुचे दिसतात: एक तळाशी, एक कुशीला निम्म्या उंचीच्या आसपास. खालच्यातून तेल काढायचे, वरच्यातून भरायचे. नवशिक्याचा हात आपसूक खालच्या बुचाकडे जातो. जाणता मेकॅनिक आधी वरचे बूच सोडवून पाहतो.

याचे कारण मी एकदा फार महागात शिकलो. एका आडगावी आम्ही उत्साहाने खालचे बूच काढले, तेल ताटात घेतले, खाली बूच लावले, आणि मग वरच्याला पाना लावला. ते गंजून जखडलेले! जोर केला तर बुचाचा चौकोनी खाचा गोल झाला. हौसिंग रिकामे, भरायला वाट नाही. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढून न्यावी म्हटले तर तेही अशक्य, कारण चाके फिरली की आतले दातही कोरडे फिरणार. अखेर गावातल्या वेल्डरने बुचावर एक नट वितळवून जोडला, त्याला पाना घातला, तेव्हा बूच सुटले. दोन मिनिटांच्या कामाला दीड दिवस लागला. वरचे बूच आधी सोडले असते तर जुने तेल आतच राहिले असते आणि गाडी आपल्या चाकांनी गॅरेजला गेली असती.

खालचे बूच काढले की घाई करू नका, कारण याच वेळी गाडी बोलते. बहुतेक बुचांच्या आतील टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी, काजळासारखी मऊ पेस्ट असेल तर चिंता नाही. ती नेहमीची झीज होय. बोटांत चोळून कण कचकचले, किंवा टाचणीएवढे तुकडे निघाले, तर दात किंवा बेअरिंग फुटू लागले आहे. तेल काळपट असेल तर त्याचे वय झाले आहे. आणि तेल दुधाळ, गढूळ चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. तेल बदलण्याचा अर्धा फायदा मला या पाहणीत वाटतो. ताट उचलून थेट पिंपात उपडे करणारा मेकॅनिक आपल्या पेशंटची नाडी न पाहताच औषध देतो.

बुचाखालचा वायसर मऊ धातूचा असतो. तो दाबला जाऊन फट बुजवतो, म्हणून शक्यतो नवा घालतात. मग पिचकारीने किंवा हातपंपाने कुशीच्या छिद्रातून नवे तेल भरायचे. किती? जुन्या जीपच्या प्रत्येक हौसिंगला सुमारे सव्वा लिटर पुरे. पण मापापेक्षा छिद्र हीच खरी पट्टी: तेल छिद्राच्या खालच्या कडेवरून हळूच ओघळू लागले की थांबावे. गाडी उताराला उभी असेल तर ही पट्टी खोटे बोलते, म्हणून सपाट जागेचा आग्रह. क्राऊनचे चक्र तळाच्या तेलात बुडून फिरते आणि ते तेल सगळीकडे उडवते. तेल कमी पडले तर वरच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचत नाही. जास्त झाले तर चक्र ते घुसळते, फेस होतो, तेल तापते आणि नळीच्या टोकाच्या ऑइल सीलमधून बाहेर झिरपते. ते कोठे जाते? थेट चाकाच्या ब्रेकवर. ब्रेकच्या अस्तराला तेल लागले तर घाट उतरताना पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. "थोडे जास्त असलेले बरे" ही स्वयंपाकघरातली म्हण येथे लागू नाही.

पाणी शिरते कसे?

पुन्हा ओढ्याकडे वळू. हौसिंग तर चहूबाजूंनी बंद. मग पाणी आत जाते कोठून? घरी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकची बाटली गरम पाण्याने विसळा, पाणी ओतून टाका, लगेच झाकण घट्ट लावा आणि बाटली नळाखाली धरा. बाटली आत चेपते. आतील गरम हवा गार झाली, तिचा दाब उतरला, आणि बाहेरच्या हवेने बाटली दाबली.

घाट चढून आलेल्या जीपच्या हौसिंगचे तापमान ९० अंश सेल्सियस धरा, म्हणजे ३६३ केल्विन. ओढ्यात बुडून ते ३० अंशांवर, म्हणजे ३०३ केल्विनवर आले. बंद जागेतील हवेचा दाब केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ३०३ भागिले ३६३ म्हणजे सुमारे ०·८३. दाब एक षष्ठांशाने उतरला! लोखंडी हौसिंग बाटलीसारखे चेपत नाही. त्याऐवजी ते जेथून मिळेल तेथून श्वास घेते. असा श्वास घेण्यासाठी हौसिंगच्या माथ्यावर एक छोटी नळी किंवा टोपी असते, तिला 'ब्रीदर' म्हणतात. ब्रीदरच पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी ओढले जाते. तो चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी शोषले जाते. म्हणून पुष्कळ गाड्यांत ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक उंच, इंजिनाच्या खोलीत नेऊन ठेवतात. आणि म्हणूनच खोल पाण्यात घालण्यापूर्वी तापलेली गाडी थोडा वेळ काठावर निववतात. तेल बदलताना ब्रीदर साफ आहे की नाही हे पाहायला एक मिनिटही लागत नाही, पण तेच नेमके राहून जाते.

आत शिरलेले पाणी तेलात घुसळले जाते आणि त्याचे बारीक थेंब होऊन ते दुधासारखे दिसू लागते. दातांच्या फटीत तेलाच्या पापुद्र्याऐवजी पाण्याचा थेंब आला तर तो भार पेलू शकत नाही. आणि गाडी उभी राहिली की हेच पाणी बेअरिंगांवर बसून गंज धरते. पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत कित्येक हजार किलोमीटरची दिलेली असते. ती कोरड्या रस्त्यासाठी. हौसिंग पाण्यात बुडाले असेल तर मुदत विसरा, आणि त्याच आठवड्यात वरचे बूच काढून आतल्या कडेला बोट फिरवा. बोटावर दुधाळ तेल आले तर तिन्ही डबे तपासायचे.

काढलेल्या तेलाचे काय करायचे? गॅरेजमध्ये सगळ्याच जुन्या तेलाला 'जळके ऑइल' म्हणतात, जरी हौसिंगमध्ये काही जळत नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा वाळवीसाठी दारांच्या चौकटींना ते फासण्याची आपल्याकडे रीत आहे. काही जण ते सरळ गटारात ओततात. त्यात धातूचे कण आणि गंधक-फॉस्फरसची संयुगे असतात. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. तेथे त्यातील पाणी व घाण वेगळी करून त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते. तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये दोन बाटल्या मागा, एकीत नेहमीचे काळपट तेल आणि मिळाले तर दुसरीत दुधाळ. वर्गातल्या खिडकीत त्या आठवडाभर न हलवता ठेवा आणि दुसऱ्या बाटलीच्या तळाशी किती पाणी उतरते ते पट्टीने मोजा. मग त्या झाकण लावून गॅरेजच्या पिंपात परत द्या, आणि हात साबणाने धुवा.